ठेवणीतली वस्त्रे

‘ठेवणीतले’ हा मराठीतला मोठा बोलका शब्द आहे. लुगडे ठेवणीतले असते, भांडे ठेवणीतले असते, गवयाची एखादी चीजही ठेवणीतली असते. रोज वापरावयाची नाही, टाकून तर द्यावयाची नाहीच. योग्य प्रसंग येईल तेव्हा बाहेर काढावयाची, असा त्या शब्दाचा भाव आहे. हा योग्य प्रसंग पुष्कळदा येतच नाही. ज्या हातांनी घडी घातली ते हात निघून जातात. पेटी एका बिऱ्हाडातून दुसऱ्या बिऱ्हाडात, एका गावातून दुसऱ्या गावात फिरते. आणि वीसतीस वर्षांनी कोणी तिसरेच माणूस तिचे झाकण उघडते. वरच्या दोन घड्या ओळखीच्या निघतात. त्यांच्या खालच्या कोणाच्या, हे सांगणारे घरात कोणी उरलेले नसते.

जयपूर म्हटले की मराठी श्रोत्याच्या डोळ्यांसमोर हवामहाल आणि गुलाबी रंगाचे बाजार उभे राहतात. शहराच्या तटाबाहेर पूर्वेला, झालान्याच्या टेकड्यांच्या बाजूस पसरलेल्या आदर्शनगर, राजापार्क, जवाहरनगर ह्या वस्त्यांकडे प्रवाशाचे पाय सहसा वळत नाहीत. पाहण्यासारखे असे तेथे काही नाही. क्रमांक दिलेले सेक्टर, गच्चीची घरे, दुकानांची रांग. कोणत्याही शहराच्या नव्या भागात असावे तसेच सारे. परंतु १९४७ च्या फाळणीनंतर सिंध आणि पश्चिम पंजाब सोडून आलेल्या कुटुंबांनी ह्या बाजूला आपली घरे केली आणि तिला तिचे रूप दिले. पुढे नोकरीधंद्याच्या निमित्ताने इतर प्रांतांतली माणसेही तेथे स्थिरावली; त्यांत मराठी माणसेही आली. दिवाळीपूर्वीच्या दिवसांत, पाऊस सरून हवा कोरडी झाली की, ह्या घरांच्या गच्च्या रंगीबेरंगी होतात. थंडीसाठी रजया बाहेर निघतात आणि त्यांच्यासोबत वर्षभर मिटून पडलेल्या पेट्याही.

जवाहरनगरातल्या अशा तीन गच्च्या शेजारी शेजारी आहेत असे समजू. पहिली सिंधी घराची, दुसरी पंजाबी घराची, तिसरी मराठी घराची.

पहिल्या गच्चीवर एक रल्ली वाळत पडलेली आहे. सिंधमधील स्त्रिया जुन्या कपड्यांचे तुकडे कापून, जोडून, एकावर एक थर देऊन हे पांघरूण शिवतात. जैसलमेर-बाडमेरकडेही ते होते. चौकोन आणि त्रिकोण जोडून केलेली नक्षी वर, जुन्या कापडाचे थर मध्ये, आणि ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघांत गेलेला धावदोरा, अशी तिची रचना. लग्नात मुलीला द्यावयाच्या रल्ल्या आई आणि मावश्या पुष्कळ आधीपासून शिवावयाला घेत. आता ही जी गच्चीवर आहे ती अर्धी झालेली आहे. वरचा जोड पूर्ण आहे. धावदोरा मात्र तिसऱ्या हिश्श्यावर येऊन थांबला आहे. तो का थांबला हे रल्ली सांगू शकत नाही. आजारपणामुळे थांबला असेल, नवीन घरातल्या कामांमुळे थांबला असेल, किंवा घर सोडावयाच्या रात्री जे हाताला लागले ते गाठोड्यात भरले गेले म्हणून थांबला असेल. ते सांगणारे माणूस त्या घरात असेल तर आज ऐंशीनव्वदीचे असेल.

दुसऱ्या गच्चीवर दोरीवर फुलकारी टाकलेली आहे. जाडेभरडे हातविणीचे खद्दर, बहुधा लाल. त्यावर पीळ न दिलेल्या रेशमाचे भरतकाम. ह्या भरतकामाची पद्धत मोठी नवलाची आहे. टाके घातले जातात ते कापडाच्या उलट बाजूने. समोर नक्षी आखलेली नसते; भरणारी बाई मागच्या बाजूने ताण्याबाण्याचे धागे मोजत जाते आणि फूल पुढच्या बाजूला उमलते. सबंध कापड भरून टाकले की त्याला बाग म्हणतात. अशा बागेला वर्षेच्या वर्षे लागत. नात जन्माला आली की आजीने कापड हाती घ्यावे आणि तिच्या लग्नापर्यंत ते पुरे करावे, ही जुनी चाल. सलग नक्षीत कोठे तरी एखादे घर मुद्दाम वेगळ्या रंगाने भरतात किंवा मोकळे सोडतात. दृष्ट लागू नये म्हणून. कारागिरीची चूक म्हणून जे दाखवावयाला एखादा उतावळा ग्राहक पुढे होतो, ते पुष्कळदा आजीने नातीसाठी ठेवलेले काजळाचे बोट असते.

फाळणीत पंजाबातून निघालेल्या माणसांनी काय काय बरोबर घेतले ह्याच्या याद्या मोठ्या विलक्षण आहेत. अमृतसरला जुन्या टाउन हॉलमध्ये २०१७ साली फाळणीचे संग्रहालय सुरू झाले. तेथे फुलकारीचे एक जाकीट आणि चामड्याची एक हातपेटी शेजारी शेजारी ठेवलेली आहेत. जाकीट एका तरुणीचे, पेटी एका तरुणाची. दोघांचा विवाह ठरलेला होता. दंगलीत दोन्ही कुटुंबांची ताटातूट झाली. आणि सीमेच्या अलीकडे निर्वासितांच्या छावणीत, रांगेत, ती दोघे पुन्हा एकमेकांसमोर आली. १९४८ मध्ये त्यांचे लग्न झाले. जाकीट आणि पेटी घरात जपली गेली आणि तेथून संग्रहालयात आली. ह्या दोन वस्तूंची हकीकत घरातल्यांना ठाऊक होती, म्हणून ते जाकीट आज बोलते. अगदी तशीच भरलेली कितीतरी जाकिटे आणि बागा व्यापाऱ्यांनी वजनावारी उचलल्या, त्यांच्या उशा आणि पिशव्या झाल्या. कारागिरी त्यांचीही कमी नव्हती. त्यांची हकीकत तेवढी कोणी सांगितली नाही.

आता तिसरी गच्ची. येथे जरा थांबले पाहिजे, कारण ही पेटी आपल्या ओळखीची आहे. पेटी लोखंडी, हिरव्या रंगाची, झाकणावर पांढऱ्या अक्षरांत घरातल्या कर्त्या पुरुषाचे नाव. आत मात्र जे आहे ते सगळे बायकांचे. सर्वांत वर बाळंतविडा: अंगडे, टोपडे, कुंची, दुपटे, चार झबली. झबली जुन्या धोतराची आहेत आणि ती तशीच असावयाची. नवे कापड बाळाच्या अंगाला खरखरते, दहा वर्षे धुतलेले लागत नाही. त्याच्याखाली दोसुती कापडावर अर्धवट भरलेले तोरण. त्याच्याखाली शाळेतली शिवणाची नमुनावही. हिच्यासारखी वही महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत निघेल. जाड कागदावर कापडाचे छोटे तुकडे शिवलेले; एकावर धावदोरा, दुसऱ्यावर टीप, तिसऱ्यावर साखळी टाका, चौथ्यावर काजे; मग वीतभर लांबीचा फ्रॉक, बोटभर बाह्यांचे पोलके; आणि प्रत्येक पानावर बाईंची लाल शाईची सही. वहीत शिवण आहे, पण शिवण शिकलेल्या मुलीच्या मनातले एक अक्षर नाही. तरीही तिसऱ्या पानावरचा टाका वेडावाकडा आणि विसाव्या पानावरचा मोजून घातल्यासारखा, ह्या दोहोंमध्ये एक सबंध वर्ष दिसते.

त्याखाली बेतून ठेवलेली, पण शिवावयाची राहिलेली एक चोळी. खण दोन्हींकडून कातरलेला आहे, कच्चे टाके घातलेले आहेत, टाचणी गंजून कापडाला तपकिरी डाग पडला आहे. आणि तळाशी, पेटीची निम्मी जागा अडवून बसलेली गोधडी.

गोधडीला मराठी माणसाने कधी फारसे मोठेपण दिले नाही. वाकळ, चौघडी अशी तिची नावे गावोगाव बदलतात. लुगडे अंगावर विरते ते आधी मध्येच. मग तो विरलेला भाग काढून दोन काठ जोडतात आणि मधोमध शिवण येते; ह्याला दंड घालणे म्हणतात. दंड घातलेले लुगडेही विरले की त्याचे तुकडे होतात, आणि त्या तुकड्यांची गोधडी. तीही विरली की तिच्यावर नवा थर चढतो. जुन्या गोधडीची एखादी कड उसवली तर आत दुसरी गोधडी सापडते. बंगालात ह्याच कल्पनेची कांथा झाली, मिथिलेत सुजनी झाली, बेळगाव-धारवाडकडे कौदी झाली. रल्लीही त्याच कुळातली. विनयपिटकात तर अशी कथा आहे की मगधातल्या शेतांचे बांध पाहून भगवान बुद्धांनी भिक्षूंचे चीवर तसे तुकड्यातुकड्यांचे करता येईल काय असे आनंदाला विचारले, आणि आनंदाने ते करून दाखविले. जोडलेल्या चिंधीची प्रतिष्ठा एवढी जुनी आहे. मग तीन गच्च्यांवरच्या तीन घरांना एकमेकांची भाषा नीट येत नसली तरी पहिल्या गच्चीवरच्या म्हातारीने तिसऱ्या गच्चीवरची गोधडी हातात घेऊन तिचा टाका उलटसुलट पाहावा आणि मान हलवावी, ह्यात आश्चर्य कसले?

पेटीतले कापड हाती आले की पहिला प्रश्न येतो तो हे केव्हाचे, असा. कापडाला वाचता येते; मात्र घाई करू नये. मांजरपाटाच्या तुकड्याच्या टोकाला गिरणीचा छाप असतो. १९४३ मध्ये युद्धकाळात कापडावर नियंत्रण आले आणि गिरणीच्या मालावर किंमत छापण्यात येऊ लागली. असा छाप निघाला तर काळाचा एक खुंटा हाती येतो. मोजणीत वार दिसला तर बहुधा ते दशमान मापे रुळण्यापूर्वीचे, म्हणजे १९६० च्या आसपासचे किंवा आधीचे. मुंबईच्या एखाद्या गिरणीचे नाव छापलेले असले तर ते नाव आता बहुधा त्या छापापुरतेच उरलेले आहे. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपानंतर त्या गिरण्यांपैकी पुष्कळशा पुन्हा नीट उभ्या राहिल्याच नाहीत. सूत किंचित जाडबारीक आणि पोत खडबडीत असला तर खादी समजावी, आणि घरात कोणी चरखा चालवीत होते काय ह्याची चौकशी करावी, कारण त्या काळी पुष्कळ स्त्रिया स्वतः काढलेल्या सुताच्या गुंड्या देऊन खादी घेत. रंगांवरून अनुमान करणे अधिक कठीण. पर्किनने इंग्लंडात पहिला कृत्रिम रंग, जांभळा, १८५६ मध्ये काढला. ग्रेबे आणि लीबरमान ह्यांनी जर्मनीत मंजिष्ठेतला लाल रंग १८६८ मध्ये कृत्रिम रीतीने बनविला. कृत्रिम नीळ १८९७ मध्ये बाजारात आली. ह्या सनावळीचा उपयोग होतो, पण मंजिष्ठेचा लाल आणि प्रयोगशाळेतला तोच लाल ह्यांतला भेद नुसत्या डोळ्यांना कळत नाही. ‘ही नैसर्गिक रंगाची आहे’ असे छातीठोक सांगणाऱ्याकडे जरा सावधपणेच पाहावे.

जयपूरच्या पेट्यांत मात्र एक खूण अशी सापडते की ती कोणालाही दिसते. सांगानेर आणि बगरू ही जयपूरजवळची छापकामाची दोन गावे. सांगानेरचे छाप पांढऱ्या जमिनीवर, नाजूक फुलांचे. बगरूचे मातकट पिवळसर जमिनीवर, लाल आणि काळे. (बगरूचे नाव मराठी इतिहासाच्या वाचकाला ठाऊक असते ते वेगळ्याच कारणाने. ऑगस्ट १७४८ मध्ये मल्हारराव होळकरांनी माधोसिंगाच्या बाजूने ईश्वरीसिंगाशी लढाई दिली ती येथे.) बगरूत कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवितात, ती पिवळसर झाक त्याचीच. लाल रंग तुरटीच्या आधाराने चढतो. काळ्यासाठी गंजलेले लोखंड आणि गूळ पाण्यात घालून कित्येक दिवस आंबवीत ठेवतात आणि त्याची स्याही करतात. हे लोखंड हिरड्याशी मिळून पक्का काळा रंग देते; परंतु तेच लोखंड सुताला हळूहळू खाऊन टाकते. म्हणून साठसत्तर वर्षांची चीट उलगडली तर लाल फुले जशीच्या तशी असतात आणि त्यांच्या काळ्या रेघा मात्र झडून गेलेल्या असतात. रेघेच्या जागी बारीक चीर पडलेली असते. फुलाला आकार देणाऱ्या रेघेनेच कापड फाटावे, हे त्या कापडाच्या जन्माबरोबर ठरून गेलेले असते. येथे दोष ठेवणाराचा नसतो.

ह्याच जयपुरात, जवाहरनगरापासून फार दूर नाही अशा राजवाड्यात, कापड सांभाळण्याची एक अगदी निराळी रीत होती. दरबाराच्या छत्तीस कारखान्यांत रंगखाना होता, छापाखाना होता, शिवणखाना होता, रोजच्या पोशाखांचा तोशाखाना होता, आणि मौल्यवान वस्त्रे व कागदपत्रे ठेवण्यासाठी कपडद्वारा होता. मराठेशाहीतला जामदारखाना आठवावा. ह्या कोठारांतली वस्तू बोलल्याशिवाय राहत नसे. जयपूरच्या संग्रहातील जुन्या गालिच्यांच्या पाठीवर कापडी चिठ्ठ्या शिवलेल्या सापडल्या. मोजमाप, किंमत, कोठून आला आणि केव्हा दाखल झाला, हे त्यांवर लिहिलेले. हा रिवाज सतराव्या शतकाच्या मध्यापासून, म्हणजे पुरंदरच्या तहाने आपल्याला परिचित असलेल्या मिर्झाराजा जयसिंगाच्या काळापासून दिसतो. त्यामुळे अभ्यासकांना आज गालिच्याच्या नक्षीवरून तर्क करीत बसावे लागत नाही. १९५९ मध्ये राजवाड्याचे संग्रहालय झाले आणि मुबारक महालात वस्त्रे मांडली गेली. ज्या माधोसिंगासाठी होळकर बगरूला लढले, त्याचे प्रचंड घेराचे कपडे तेथे आहेत आणि त्यांच्यासमोर पाहणाऱ्यांची नेहमी गर्दी असते. १७६८ मध्ये मरण पावलेल्या राजाची छाती किती रुंद होती हे आज कोणीही पाहून सांगू शकतो. तो अंगरखा शिवणाऱ्या शिंप्याचे नाव मात्र ते कापड सांगत नाही.

घरातल्या पेटीला असा दरोगा नसतो आणि दप्तरही नसते. तिचे दप्तर म्हणजे घरातली एक म्हातारी. तिला ठाऊक असते की ही चंद्रकळा अमकीच्या डोहाळजेवणाची, हा शेला तमक्याच्या मुंजीचा, ह्या गोधडीतला हा निळा तुकडा जी मुलगी चौथ्या वर्षी गेली तिच्या परकराचा. ती असेपर्यंत पेटी म्हणजे ग्रंथ असतो. ती गेली की त्याच पेटीत जुने कापड उरते. हे इतक्या मुकाट्याने घडते की नुकसान झाले असे कोणाला वाटतही नाही. राजाच्या वस्त्रांना दप्तर मिळाले आणि सामान्यांची वस्त्रे विरून गेली, ही गोष्ट जगात सर्वत्र घडली. अपवाद आहेत ते योगायोगाने. गुजरातेत छापलेल्या सुती कापडाचे कित्येक जुने तुकडे आज जगाला ठाऊक आहेत ते ईजिप्तमध्ये फुस्तातच्या उकिरड्यांत सापडले म्हणून. तेथल्या कोरड्या हवेने जे राखले ते आपल्या पावसाने राखले नसते. त्या तुकड्यांवर शिवणी आणि ठिगळे आहेत. ते कोणी वापरलेले होते, फाटल्यावर दुरुस्त केलेले होते.

दुसरा योगायोग लंडनचा. तेथे १७४१ मध्ये टाकलेल्या मुलांसाठी एक अनाथालय सुरू झाले. मूल ठेवून जाणाऱ्या आईचे नाव विचारीत नसत. पुढे मुलाची ओळख पटावी म्हणून कापडाचा एक तुकडा नोंदीच्या कागदाला टाचून ठेवीत. कधी तो आईने आणलेला असे, कधी बाळाच्याच कपड्याचा कातरून घेतलेला. असे सुमारे पाच हजार तुकडे त्या वह्यांत राहिले. आणि अठराव्या शतकातल्या साध्या इंग्रज माणसांच्या अंगावर काय कापड होते ह्याचा तेवढा मोठा साठा त्या देशात दुसरीकडे कोठे नाही. फेब्रुवारी १७६७ मध्ये एका आईने छापील आणि विणलेल्या चिंध्या जोडून केलेली एक पट्टी दिली. तीवर लाल दोऱ्याने हृदयाची आकृती भरलेली होती. ती पट्टी मधोमध कापली गेली; अर्धी मुलाच्या कागदाला लागली, अर्धी आईकडे राहिली. १७७५ च्या जूनमध्ये ती परत आली आणि मुलगा तिला मिळाला. बहुतेक मुलांसाठी कोणी आले नाही. म्हणूनच ते तुकडे अजून वह्यांत आहेत.

तेव्हा पेटी उघडणाऱ्याने करावयाचे काम अगदी लहान आहे, आणि ते धुण्यापूर्वी, वाटून टाकण्यापूर्वी, किंबहुना हौसेने छायाचित्रे काढण्याच्याही पूर्वी करावयाचे आहे. घरातल्या वडीलधाऱ्या बाईला शेजारी बसवावे आणि एकेक घडी तिच्या मांडीवर ठेवावी. ती जे सांगेल ते लिहून घ्यावे: कोणी शिवले, कोणासाठी, कोणत्या गावी, कापड कोठून आले. तिला साल आठवणार नाही. ‘तुझ्या मामाच्या लग्नाच्या आदल्या वर्षी’ असे ती सांगेल, तेही तसेच लिहावे, साल मागाहून निघते. मग सुती फितीच्या तुकड्यावर न पुसणाऱ्या शाईने दोन ओळी लिहून ती फीत कोपऱ्याला चार सैल टाक्यांनी अडकवावी. टाचणी लावू नये, चिकटविण्याचे तर काहीच नको. कपडद्वाराच्या कारकुनाने जे केले तेच हे.

अर्धवट राहिलेल्या कामाचे काय करावे ह्याविषयी मात्र मतभेद आहे. एक पक्ष म्हणतो की जसे आहे तसे ठेवावे, त्याला हात लावणे म्हणजे दुसऱ्याच्या पत्रात आपली ओळ लिहिणे होय. दुसरा पक्ष म्हणतो की ज्या बाईने ते सुरू केले तिची इच्छा ते पुरे व्हावे हीच होती. विचार करता असे वाटते की येथे एकच नियम लावू नये. बाळंतविड्यातली कुंची घरात मूल येत असेल तर खुशाल पुरी करावी. ती कोणाच्या तरी डोक्यावर बसावी म्हणूनच बेतली होती. रल्लीचेही तसेच, कारण ती एकटीने शिवावयाची वस्तूच नव्हे. चार बायकांनी चार कडांना बसून ती शिवावयाची. तेव्हा पाचवीने पन्नास वर्षांनी येऊन बसावयास हरकत नाही. मात्र नवा दोरा किंचित निराळ्या छटेचा घ्यावा, म्हणजे एक हात कोठे थांबला आणि दुसरा कोठे लागला हे कळत राहील. फुलकारीला किंवा त्या नमुनावहीला हात लावू नये. तेथे टाका म्हणजे हस्ताक्षर आहे, आणि अपुरे असण्यातच त्याचे पुष्कळसे सांगणे आहे. गंजलेली टाचणी तेवढी काढून टाकावी. ती कोणाच्या आठवणीत भर घालीत नाही, कापड मात्र खाते.

एक धोका विशेष सांगावयास हवा, कारण तो कसरीपेक्षा आणि बुरशीपेक्षा लवकर काम करतो. जुन्या पैठण्यांतली आणि शालूंतली जर खऱ्या चांदीची असे. चांदीची बारीक तार, तीवर सोन्याचा मुलामा, आणि ती तार रेशमाच्या दोऱ्याभोवती गुंडाळलेली. चांदीचा भाव चढला की जुनी जर विकत घेणारे दारोदार फिरतात. ते वस्त्र पाहत नाहीत, वजन पाहतात. रेशीम जळून जाते, चांदीची लगड उरते, आणि घरात काही नोटा येतात. गरजेपायी ज्यांनी असे केले त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. कित्येक घरांत मुलांच्या शाळेची फी ह्याच जरीतून गेली आणि ती योग्य जागीच गेली. परंतु गरज नसताना, केवळ ‘कोण नेसतो आता हे’ म्हणून जे वस्त्र भट्टीत जाते, त्याबद्दल दोनदा विचार करावा. काठ विरला नसेल तर तो उतरवून दुसऱ्या कापडावर लावता येतो. आपल्या आज्या तेच करीत.

राहता राहिले ठेवण्याचे. त्याचे शास्त्र फार नाही. रेशीम आणि जर धुवट, खळ नसलेल्या मलमलीत गुंडाळावी. खळीला कसर लागते. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमटपणा कोंडला जातो, ती वापरू नये. डांबरगोळी जरीला लागू देऊ नये. वेखंडाची पुरचुंडी आणि वाळलेला कडुलिंबाचा पाला ही आपली जुनी औषधे पुरेशी आहेत. पेटी लोखंडी असेल तर आत जुनी सुती चादर अंथरावी. घडी दर वर्षी नव्या जागी मोडावी, नाही तर जुन्या घडीवरच जर रेशमाला कापते. आणि गच्चीवर घालताना एवढे लक्षात ठेवावे की जयपूरचे ऊन रजईला मानवते, रंगाला मानवत नाही. कापसाच्या वस्तू उन्हात, बाकीच्या सावलीत वाऱ्यावर. दुपारी चारच्या सुमारास ऊन उतरले की सगळे खाली आणावे, आणि पेटीत भरण्यापूर्वी प्रत्येक घडीची फीत जागच्या जागी आहे ना, एवढे पाहून घ्यावे.